बाल्कन प्रदेशातील व्यावसायिक फुटबॉलपटूंचे आप्तसंबंध

बाल्कन प्रदेशातील कोणत्याही देशाच्या फुटबॉल संघाची यादी हाती घेतली, म्हणजे नात्यागोत्याच्या माणसांची गर्दी लवकरच डोळ्यांत भरते. कोठे दोन सख्खे भाऊ, कोठे पित्याच्या पाठोपाठ पुत्र, कोठे प्रशिक्षक व खेळाडू एकाच घरातले. वृत्तपत्रे ह्या वस्तुस्थितीचा उलगडा एका शब्दात करून टाकतात : खेळ त्यांच्या रक्तातच आहे. रक्ताचे नाव घेतले की पुढे विचार करण्याचे कारण उरत नाही, ही त्या उलगड्याची सोय. समाजशास्त्राच्या अभ्यासकास मात्र ती सोय परवडणारी नाही. पिता-पुत्र व भाऊ-भाऊ ह्यांच्या जोड्या इटलीतील माल्दिनी कुटुंबापासून सर्वत्र आढळतात. बाल्कनमध्ये विशेष आहे ते हे की, तेथे एकाच पिढीच्या हयातीत राज्ये मोडली, सीमा हलल्या, आणि व्यवसायासाठी घरेच्या घरे परदेशी गेली. अशा काळात नाते हे व्यवसायाचे साधन कसे बनते, आणि तेच नाते अपराधाचे साधन केव्हा बनते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी एक पद्धतीविषयक सूचना करणे अवश्य आहे. आडनाव हा आप्तसंबंधाचा पुरावा नव्हे. दक्षिण स्लाव आडनावांच्या अंती येणारा ‘-इच’ हा प्रत्यय मुळात अपत्यवाचक आहे. पोपोविच म्हणजे पाद्र्याचा वंशज. ‘कोव्हाच’ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावी असतोच. २०२२ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या सर्बियाच्या संघात अलेक्सान्दार मित्रोविच व स्तेफान मित्रोविच असे दोघे होते; त्यांचे परस्परांशी काही नाते नाही. ‘कुलकर्णी’ किंवा ‘पाटील’ हे आडनाव पाहून दोघांस भाऊ ठरविण्याची चूक आपल्याकडे कोणी करणार नाही, पण परदेशाच्या याद्या वाचताना तीच चूक सर्रास होते.

ह्याच्या उलट, आडनाव पुष्कळदा नाते झाकून ठेवते. रुमानियाचा सर्वश्रेष्ठ गणला गेलेला खेळाडू गेओर्गे हाजी व त्याच संघाचा आधारस्तंभ गेओर्गे पोपेस्कू ह्यांची नावे वाचून त्यांच्यात काही संबंध असावा अशी शंकाही येत नाही. वस्तुतः दोघांच्या पत्नी सख्ख्या बहिणी आहेत. सर्बियाचा देयान स्तान्कोविच ह्याची पत्नी स्लोव्हेनियाचा राष्ट्रीय खेळाडू मिलेन्को आचिमोविच ह्याची बहीण होय. हे दोघेही बेलग्रेडच्या ‘त्स्र्वेना झ्वेझ्दा’ म्हणजे ‘तांबडा तारा’ ह्या क्लबकडून खेळलेले. आपल्या भाषेत सगे आणि सोयरे असा भेद आहे. फुटबॉलच्या कोशांत सग्यांची नोंद सापडते. सोयरे बहुधा निसटतात, कारण ते स्त्रियांच्या द्वारे जोडलेले असतात, आणि यादीत स्त्रीचे नाव नसते.

येथे मराठी वाचकास एक अनपेक्षित लाभ आहे. इंग्रजी वृत्तपत्रे हाजी व पोपेस्कू ह्यांचे नाते सांगताना जो शब्द वापरतात, त्यात पत्नीचा भाऊ, बहिणीचा नवरा व पत्नीच्या बहिणीचा नवरा हे तिघेही सामावतात. रुमानियन भाषेतील ‘कुम्नात’ हा लॅटिन वंशाचा शब्दही तसाच सैल आहे. सर्बो-क्रोएशियन भाषेत मात्र ह्या विशिष्ट नात्यास ‘पाशेनोग’ किंवा तुर्कीतून आलेला ‘बाजानाक’ असे स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत ‘साडू’ आहे. पत्नीच्या भावास ते ‘शुराक’ म्हणतात, आपण मेहुणा म्हणतो. त्या भाषेतील ‘देवेर’ हा आपला दीर, संस्कृत देवृ. ‘येत्र्वा’ ही आपली जाऊ, संस्कृत यातृ. ‘स्वेकार’ व ‘स्वेक्र्वा’ हे श्वशुर व श्वश्रू. ही साम्ये योगायोगाची नसून एकाच भाषाकुलाचा वारसा आहेत. एकत्र कुटुंबात प्रत्येक नात्याचे हक्क व कर्तव्ये निराळी असल्यामुळे प्रत्येकास निराळे नाव लागते, आणि ‘झाद्रुगा’ ह्या नावाने ओळखली जाणारी एकत्र कुटुंबपद्धती दक्षिण स्लाव समाजात दीर्घकाळ नांदत होती. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधविषयक ग्रंथात आप्तवाचक शब्दांना जे महत्त्व दिले, ते ध्यानी असलेल्या वाचकास बाल्कनचे हे शब्दभांडार परके वाटू नये.

हाजी व पोपेस्कू ह्यांचा साडूपणा केवळ घरगुती नव्हता. १९९५-९६ च्या हंगामात दोघे बार्सेलोनात एकत्र होते. पुढे हाजी इस्तंबूलच्या गालातासराय क्लबात गेला, आणि १९९७ साली पोपेस्कू तेथे दाखल झाला. १७ मे २००० रोजी कोपनहेगन येथे गालातासरायने यूएफा चषकाचा अंतिम सामना आर्सेनलविरुद्ध खेळला. जादा वेळात हाजीला तांबडे कार्ड मिळून मैदान सोडावे लागले. सामना गोलशून्य राहिला, आणि पेनल्टींच्या निर्णायक फेरीत विजय निश्चित करणारा शेवटचा फटका पोपेस्कूने मारला. हाजीचा पुत्र यानिस ह्याचा जन्म १९९८ सालचा व इस्तंबूलमधला. हाजीने २००९ साली कोन्स्तान्त्सा येथे ‘विइतोरुल’ हा क्लब स्थापन केला. यानिस तेथे वाढला आणि कोवळ्या वयातच पहिल्या संघात आला. पोपेस्कूचा मुलगा निकोलास हाही कोन्स्तान्त्सा येथे, विइतोरुल ज्यात विलीन झाला त्या ‘फारुल’ क्लबकडून खेळला. म्हणजे पहिल्या पिढीचे साडू, दुसऱ्या पिढीचे मावसभाऊ, आणि त्यांच्या मधोमध दोन बहिणी, ज्यांचे नाव कोणत्याही संघाच्या यादीत नाही.

आता रक्ताच्या प्रश्नाकडे वळू. त्याची उत्तम कसोटी गोलरक्षकांत सापडते, कारण गोलरक्षण ही फुटबॉलमधील निराळी विद्या आहे. तिचे डावपेच, उभे राहण्याच्या जागा, हातांचा सराव, इतकेच नव्हे तर चूक झाल्यावर मन स्थिर ठेवण्याची रीतही इतर दहा खेळाडूंहून वेगळी असते. बल्गेरियात बिसेर मिहाइलोव्ह, त्याचा पुत्र बोरिस्लाव्ह व नातू निकोलाय असे तीन पिढ्यांचे तीन गोलरक्षक झाले, आणि तिघेही सोफियाच्या लेव्हस्की क्लबशी निगडित. ह्यांपैकी बोरिस्लाव्ह हा १९९४ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या बल्गेरियन संघाचा कर्णधार होता. मेक्सिकोविरुद्धच्या पेनल्टींच्या फेरीतील त्याची कामगिरी बल्गेरियात अजून आठवली जाते. स्लोव्हेनियाच्या संघात यास्मिन व सामिर हान्दानोविच हे भाऊबंद दोघेही गोलरक्षक. २०१० च्या विश्वचषकास दोघेही गेले होते. संगीतातील घराण्याची कल्पना येथे सहज मनात येते. घराण्यात गळा वारशाने मिळो न मिळो, तालीम मात्र निश्चित मिळते; सकाळ-संध्याकाळ कानांवर पडणारी, न शिकविता शिकली जाणारी तालीम. गोलरक्षकाच्या घरातील मुलास चेंडूच्या आधी खांबांचे अंतर कळते.

रक्तवादी ह्यावर म्हणेल की, हे तर माझेच उदाहरण झाले. त्यास उत्तर सर्बियातील मिलिन्कोविच-साविच बंधू देतात. सेर्गेय हा मधल्या फळीतला, चेंडू खेळविणारा. वान्या हा गोलरक्षक. २०१५ साली वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या सर्बियाच्या संघात दोघेही होते, आणि २०२२ च्या विश्वचषकात दोघेही मुख्य संघाकडून खेळले. एकाच आईबापांच्या पोटी जन्मून दोघांची विद्या भिन्न. त्यांचे पिता निकोला मिलिन्कोविच हे स्पेन व पोर्तुगालमध्ये खेळलेले व्यावसायिक फुटबॉलपटू, आणि माता मिलाना साविच ह्या बास्केटबॉलपटू. जोडआडनावात मातेचे नाव टिकून राहिले, म्हणून तरी ह्या एका घरातील स्त्रीचा वाटा आपल्याला दिसतो. दोन्ही भाऊ भलतेच उंच आहेत. ती उंची वारशाने आली असेल, आणि तसे मानण्यात कोणाची हानी नाही. परंतु उंचीने करार समजत नाहीत, दुखापतीनंतरचे रिकामे महिने काढता येत नाहीत, की सोळाव्या वर्षी परमुलुखात एकटे राहता येत नाही. जेथे आईबाप दोघेही व्यावसायिक खेळाडू आहेत, त्या घराचा दिनक्रमच ही विद्या शिकवितो. बल्गेरियाच्या दिमितार बेर्बातोव्हचेही घर असेच होते : पिता इव्हान हे पिरिन व सोफियाचा सेस्का ह्या क्लबांचे फुटबॉलपटू, माता हँडबॉलपटू, पुत्रही पिरिनहून सेस्कातच गेला.

घराबरोबर गावही मोजले पाहिजे. साराएव्हो येथील ‘एफ. के. साराएव्हो’ ह्या क्लबने युगोस्लाव्हियाचे साखळी विजेतेपद दोनदाच मिळविले, १९६७ व १९८५ साली. पहिल्या वेळी संघात वाहिदिन मुसेमिच होता, दुसऱ्या वेळी त्याचा धाकटा भाऊ हुस्रेफ. दोघांच्या वयांत पंधरा वर्षांचे अंतर. धाकटा शाळेच्या वयाचा झाला, तेव्हा थोरल्याचे नाव शहरात सर्वतोमुखी झालेले होते. अशा नावाचा लाभ होतो तसा जाचही होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ग्रीसमधील पिरेयस बंदरात तर १९२५ साली स्थापन झालेल्या ओलिंपियाकोस क्लबचा आरंभीचा इतिहास म्हणजे जवळजवळ एका व्यापारी कुटुंबाचा इतिहास आहे. आन्द्रियानोपुलोस घराण्यातील पाच भावांनी त्या क्लबची आघाडीची फळीच भरून काढली होती. ते हौशी खेळाडू होते. ग्रीक फुटबॉल रीतसर व्यावसायिक झाले ते १९७९ साली. तेव्हा व्यवसायाने नाती निर्माण केली असे सरसकट म्हणता येत नाही. नाती आधीपासून होती. व्यवसायाने त्यांना नवे काम दिले.

ते नवे काम कोणते, हे राज्याच्या नियमांकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. समाजवादी युगोस्लाव्हियात फुटबॉलपटूस वयाची अठ्ठावीस वर्षे होईपर्यंत परदेशी क्लबात जाण्याची मोकळीक नसे. साराएव्होत २६ ऑगस्ट १९५८ रोजी जन्मलेले झ्लात्को व झोरान वुयोविच हे जुळे भाऊ स्प्लितच्या हायदुक क्लबकडून खेळत व दोघेही युगोस्लाव्हियाच्या संघात होते. नियमाप्रमाणे दोघांची मुदत एकाच दिवशी संपणार होती. १९८६ साली दोघे एकदमच फ्रान्समधील बोर्दो क्लबात दाखल झाले, आणि पुढच्याच वर्षी त्या क्लबने साखळी व चषक ही दोन्ही विजेतेपदे मिळविली. दोन-तीन वर्षांनी लहानमोठे असते, तर थोरला एकटाच गेला असता आणि धाकटा मागे वाट पाहत राहिला असता. जुळे असणे ही जीवशास्त्रीय घटना खरी. परंतु त्या घटनेस सामाजिक अर्थ दिला तो एका सरकारी नियमाने.

खेळाडूंना अडविणाऱ्या त्याच राज्याने मजुरांना मात्र जाऊ दिले. १९६८ साली पश्चिम जर्मनी व युगोस्लाव्हिया ह्यांच्यात कामगारभरतीचा करार झाला, आणि लक्षावधी माणसे जर्मन कारखान्यांत गेली. निको व रॉबर्ट कोव्हाच हे भाऊ अशाच स्थलांतरित कुटुंबातले. घर मूळचे बोस्नियातील लिव्हनो भागातले, जन्म पश्चिम बर्लिनमधला, शिक्षण जर्मन, आणि राष्ट्रीय संघ क्रोएशियाचा. लेव्हरकुझेन व बायर्न म्युनिक ह्या क्लबांत दोघांचे मार्ग जुळले. २०१४ च्या विश्वचषकात निको क्रोएशियाचा प्रशिक्षक होता, तर रॉबर्ट त्याचा साहाय्यक. परदेशात वाढलेल्या दोन भावांना ज्या देशात आपण राहिलो नाही त्या देशाशी बांधून ठेवणारा धागा घर हाच असतो, हे येथे उघड दिसते.

पुढील पिढीत मजुराची जागा खुद्द फुटबॉलपटूने घेतली. ह्या दृष्टीने खेळाडूंची जन्मस्थळे वाचण्यासारखी आहेत. यानिस हाजी इस्तंबूल. सेर्गेय मिलिन्कोविच-साविच स्पेनमधील लेइदा, तर वान्या त्याच देशातील ओरेन्से. स्लोव्हेनियाच्या झ्लात्को झाहोविचचा पुत्र लुका पोर्तुगालमधील गिमाराइश. बोस्नियाच्या मेहो कोद्रोचा पुत्र केनान सान सेबास्तियान. हा भूगोल मुलांचा नाही. ही पित्यांच्या करारांची बखर आहे. मेहो कोद्रो १९९१ साली मोस्तारच्या वेलेझ क्लबातून रेआल सोसिएदादकडे गेला. पुढच्याच वर्षी बोस्नियात युद्ध पेटले. १९९३ साली स्पेनमध्ये जन्मलेला केनान त्याच क्लबच्या तालमीत वाढला; पण पुढे खेळला तो बोस्निया-हर्झगोव्हिनासाठी. हालिलोविच घराण्यात नेमके ह्याहून वेगळे घडले. पिता सेयाद बोस्नियाचा राष्ट्रीय खेळाडू. दुब्रोव्हनिक येथे जन्मलेला पुत्र आलेन क्रोएशियाचा. एका घरात दोन राष्ट्रगीते, आणि त्यात घरच्यांस विसंगत असे काही वाटत नाही.

देयान स्तान्कोविचचे उदाहरण तर अजोड आहे. १९९८, २००६ व २०१० अशा तीन विश्वचषकांत तो खेळला, आणि तिन्ही वेळा देशाचे नाव निराळे : युगोस्लाव्हिया, सर्बिया व मॉन्टेनेग्रो, आणि सर्बिया. माणूस तोच, मायभूमी तीच, नकाशे तीन. त्याचा मेहुणा आचिमोविच ह्या काळात स्लोव्हेनियासाठी खेळत होता. राज्याचे तुकडे झाले तरी सोयरीक तुटली नाही.

नात्याची ही चिवटता नेहमीच सुखाची असते असे नाही. युगोस्लाव्हियाचा अखेरचा थोर प्रशिक्षक इविका ओसिम हा साराएव्होचा, झेल्येझ्निचार क्लबचा माणूस. शहरावर तोफा डागल्या जात असताना मे १९९२ मध्ये त्याने राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सोडले. त्याची पत्नी व कन्या वेढ्यात अडकल्या होत्या, आणि पुढे दीर्घकाळ त्यांची ताटातूट झाली. झेल्येझ्निचारचे मैदान आघाडीच्या रेषेवर सापडले होते. युद्धानंतर त्याच क्लबला प्रशिक्षक म्हणून एकाहून अधिक विजेतेपदे मिळवून दिली ती त्याचा पुत्र आमार ओसिम ह्याने. ज्या शहरात संस्थांची कार्यालये, दप्तरे व मैदाने उद्ध्वस्त झाली, तेथे क्लबची परंपरा टिकून राहण्यास एक घर पुरे पडले, ही गोष्ट साधी नव्हे.

११ जून २०१६ रोजी फ्रान्समधील लाँस येथे युरोपीय स्पर्धेत आल्बानिया व स्वित्झर्लंड ह्यांचा सामना झाला. आल्बानियाकडून ताउलांत जाका, स्वित्झर्लंडकडून त्याचा धाकटा भाऊ ग्रानित. ह्या स्पर्धेच्या इतिहासात दोन भाऊ परस्परांविरुद्ध उभे राहण्याचा तो पहिलाच प्रसंग. दोघांचा जन्म बाझेलचा, कुटुंब कोसोवोतील आल्बेनियन. पित्याने युगोस्लाव राजवटीत राजकीय बंदी म्हणून कारावास भोगलेला. कोसोवोला युरोपीय व जागतिक फुटबॉल संघटनांचे सदस्यत्व मिळाले ते त्याच वर्षी मे महिन्यात, म्हणजे सामन्याच्या अवघ्या काही आठवडे आधी. तोवर ह्या भावांसमोर आपल्या मूळ प्रदेशाचा पर्यायच नव्हता. त्यांची माता अर्धा एका देशाचा व अर्धा दुसऱ्या देशाचा असा सदरा घालून प्रेक्षकांत बसली होती. वृत्तपत्रांनी तो कौतुकाचा विषय केला. आम्हांस त्यात कौतुकापेक्षा हिशेब दिसतो : राज्यांनी जे दोन भाग केले, त्यांची बेरीज करण्याचे काम आईकडे आले.

एवढ्याने बाल्कनच्या फुटबॉलमधील नात्यांचे गुणगान पुरे झाले, असे मात्र होऊ नये. नात्याचे दुसरे नाव वशिला असेही आहे, आणि तेथील सामान्य प्रेक्षक हे नाव आपल्याइतक्याच तत्परतेने वापरतो. २००४ साली झ्लात्को क्रान्यचार क्रोएशियाचा प्रशिक्षक झाला. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेविरुद्ध क्रोएशियाचा नव्या युगातील पहिला सामना झाला, तेव्हाचा हा कर्णधार. त्याच्या अधिकाराविषयी शंका नव्हती. परंतु ऑगस्ट २००४ मध्ये त्याने आपला पुत्र निको ह्यास राष्ट्रीय संघात घेतले, आणि २००६ च्या विश्वचषकात तिन्ही सामन्यांत खेळविले. निको झाग्रेबच्या दिनामोचा सतराव्या वर्षी कर्णधार झालेला मुलगा. २००५ च्या जानेवारीत तो प्रतिस्पर्धी हायदुककडे गेल्यामुळे त्याच्यावरील रोष दुप्पट झाला होता. क्रोएशिया पहिल्याच फेरीत बाद झाला, आणि पित्याचे पद गेले.

आता परीक्षा पाहण्याची वेळ आली. नवा प्रशिक्षक स्लावेन बिलिच ह्याचे क्रान्यचार घराण्याशी काही देणेघेणे नव्हते. त्याने निकोला संघात ठेवले. २१ नोव्हेंबर २००७ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर क्रोएशियाने इंग्लंडला ३-२ असे हरवून युरोपीय स्पर्धेतून बाहेर घालविले. त्यातील पहिला गोल निको क्रान्यचारचा. वशिल्याचा आरोप पूर्णपणे खोटा होता असे ह्यावरून सिद्ध होत नाही. त्याला पहिली संधी लवकर मिळाली असेलही. पण मैदानावरील नात्यास एक बंधन असते. ते हजारो डोळ्यांसमोर असते, आणि दर आठवड्यास त्याचा निकाल लागतो. पिता पुत्रास संघात घेऊ शकतो. पुत्राच्या पायांनी गोल करू शकत नाही.

कचेरीतील नात्यास असे बंधन नसते, आणि खरा धोका तेथे आहे. ह्या ठिकाणी ‘कूम’ ह्या संस्थेचाही उल्लेख केला पाहिजे. बाप्तिस्म्याच्या वा विवाहाच्या वेळी साक्षी राहणारा माणूस हा त्या घराचा कूम होतो. रक्ताचे नव्हे, पण रक्ताच्या नात्याइतकेच बंधनकारक असे हे मानलेले नाते. यूजीन हॅमेल ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६८ साली बाल्कनमधील ह्या संबंधांवर ग्रंथ लिहून दाखविले की, कूमपण व्यक्तीपुरते न राहता दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते. असे संबंध कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसतात. क्लबचा कारभारी, खेळाडूचा मध्यस्थ आणि विकत घेणारा ह्यांच्यामध्ये ते असले, तर बाहेरच्यास कळण्याचा मार्ग नाही.

दिनामो झाग्रेबमध्ये जे घडले त्यास कूमपणाचीही गरज लागली नाही; दोन सख्खे भाऊ पुरले. झ्द्राव्को मामिच हा क्लबचा सर्वसत्ताधीश कारभारी. त्याचा भाऊ झोरान, १९९८ च्या विश्वचषकातील क्रोएशियन संघाचा सदस्य, हा क्रीडासंचालक व पुढे प्रशिक्षक. झ्द्राव्कोचा मुलगा खेळाडूंचा मध्यस्थ. खेळाडू परदेशी विकला की त्याच्या किमतीतील वाटा खासगी करारांच्या आडून बाहेर काढला जाई. लुका मोद्रिच व देयान लोव्हरेन ह्यांच्यासारख्यांच्या विक्रीचे व्यवहार त्या खटल्यात तपासले गेले. २०१८ साली ओसियेक येथील न्यायालयाने दोन्ही भावांस कारावासाची शिक्षा सुनावली. निकालापूर्वीच झ्द्राव्को बोस्नियात निघून गेला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांचीही दोषसिद्धी कायम केली, आणि झोरानने प्रशिक्षकपद सोडले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १८ मार्च रोजी, दोघांपैकी एकही भाऊ संघाबरोबर नसताना, दिनामोने झाग्रेब येथे टॉटनहॅमला ३-० असे हरवून युरोपा लीगमधून बाद केले.